पाहुण्यांसाठी हनोईची कॉफी

दसारामभाऊ कॉफीत अंडं घालतात हे मला कळलं, तेव्हा अर्धा कप माझ्या पोटात गेला होता. आणि त्या दिवशी एकादशी होती.

"अंडं?" मी किंचाळलोच. हात आपोआप गळ्यातल्या माळेकडे गेला.

"फक्त बलक, गुरुजी," त्यांनी माझी समजूत घातली. "पांढरं नाई टाकत. हनोईत असंच रायते."

मी फुलचूरच्या शाळेत मास्तर, ते माझे शेजारी. फौजेत ड्रायव्हर होते. व्हिएतनामातली लढाई थांबल्यावर देखरेखीसाठी आपल्या देशाची माणसं गेली, त्यांची जीप भाऊंनी हनोईत दोन वर्षं चालवली. छप्पन साली पेन्शन घेऊन धानाच्या बांधीत परतले, ते भोकाभोकांचं एक लहानसं गाळणं घेऊनच.

गाळणं कपावर ठेवायचं, त्यात कॉफीची पूड दाबायची, वरून उकळतं पाणी ओतायचं आणि बसायचं. खाली थेंब थेंब पडणार. तोवर भाऊ घट्ट दुधात बलक फेटत. गल्लीभर खडखडाट! मग तो फेस काळ्याभोर कॉफीवर. पाव तास सहज जाई. मी एकदा गाळण्याला टिचकी मारली, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "थेंबाले घाई नोको करू," हा त्यांचा मंत्र.

इथवर मी सोसलं. पण सेवंताला पाहायला पाहुणे येऊ लागले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सेवंता ही त्यांची एकुलती मुलगी. आई लहानपणीच गेली, तिरोड्याच्या आत्यानं वाढवलं, आणि बाप परतल्यावर ती फुलचूरला आली. पोरगी गुणी. पहिले पाहुणे कॉफी प्याले. मुलाचा बाप मिशा पुसत म्हणाला, "वा! बासुंदीच जशी!" भाऊंनी अभिमानानं अंड्याची टरफलं आणून दाखवली. मुलाची आई अंगणात धावली आणि गुळण्या करत सुटली. मंडळी सुपारीही न खाता बैलगाडीत बसली.

दुसऱ्या वेळी मी भाऊंना आईची शपथ घातली, कॉफी करायची नाही. त्यांनी शपथ घेतली, आणि कॉफी केलीच! पाहुणे प्याले. मुलाच्या बापानं "पोरगी पसंत आहे" म्हणायचा अवकाश, भाऊ शांतपणे म्हणाले, "अंडं कसं लागलं?"

मी थक्क झालो. हा भोळेपणा नव्हता. पाहुणे गेले, आत सेवंता रडत होती, आणि माझा तोल सुटला.

"भाऊ, पोरीचं लग्न तुम्ही जाणूनबुजून मोडताय!"

"होय," ते म्हणाले. "मोडून राहिलो."

मला वाटलं होतं, कानावर हात ठेवतील.

"तिची माय गेली तवा थे तीन सालाची होती, गुरुजी. मी फौजेत. सुट्टीत आलो का मले पाहून कोठीमागं लपे. आता कुठं दोन सालापासून 'बाबा' म्हनून राहिली. अन तुमी म्हनता, देऊन टाक? काऊन देऊ?"

मी वळून पाहिलं. मागे दारात सेवंता उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दोन महिन्यांनी बिरसीचे पाहुणे येणार असं कळलं. माणसं चांगली, मुलगा सेवंताच्याही मनात भरलेला. अंडी लपवावी म्हणून मी सकाळीच भाऊंच्या घरी गेलो. पाहतो तर भाऊ चुलीपुढे उकिडवे बसलेले, हातात गोंदियाच्या बाजारातून आणलेला चहापत्तीचा पुडा, गाळण्याचा कुठे पत्ता नाही.

"सेवंता," त्यांनी हाक मारली, "चाय कशी करतेत थे दाखव, माय. पाहुण्यायले आज चायच देऊ. अन तू गेल्यावर मलेच करा लागन."

सेवंता त्यांच्याशेजारी बसली. पदरानं डोळे पुसले, पातेलं पुढे ओढलं आणि त्यात मोजून एक कप पाणी ओतलं.

"पाहुण्यायचं मागून पाहू," ती म्हणाली. "एका मानसाले एवढंच लागते, बाबा."