लिफ्ट अडकल्यास प्रगत इंग्रजीत धीर धरावा

माणूस किती शिकलेला आहे हे तो काय बोलतो यावरून ठरत नाही. त्याचं बोलणं समोरच्याला किती कळलं नाही, यावरून ठरतं. हा शोध लिफ्ट सांभाळणाऱ्या एका कंपनीने लावला आणि त्यासाठी तिचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

झालं असं की कंपनीने आपल्या सगळ्या बिल्डिंगमधून एक फॉर्म फिरवला. 'लिफ्टमध्ये अडकल्यावर आपल्याशी कोणत्या भाषेत बोललेलं आवडेल?' पर्याय तीन : मराठी, साधं इंग्रजी, प्रगत इंग्रजी. ४१३ घरांपैकी ४१२ घरांनी 'प्रगत इंग्रजी'वर खूण केली. (राहिलेल्या एका घराचं पेन चालत नव्हतं.)

लगेच नवी जागा निघाली : 'संवाद पर्यवेक्षक'. कंट्रोल रूममध्ये बसायचं, अडकलेल्या माणसाचा फोन आला की प्रगत इंग्रजीत धीर द्यायचा. मॅडमच्या बाबांनी त्यातला 'बसायचं' हा शब्द दोनदा वाचला. सतरा वर्षं ते लिफ्ट मेकॅनिक होते, म्हणजे सतरा वर्षं जिने चढत होते. (लिफ्ट बंद पडल्याशिवाय लिफ्टवाल्याला कोणी बोलावत नाही, त्यामुळे त्याच्या नशिबी लिफ्ट नसते.) गुडघे आता पहिल्या पायरीआधीच कुरकुरायला लागले होते. जिने सोडा, नाहीतर गुडघे तुम्हाला सोडतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

मॅडम म्हणजे त्यांची मुलगी. इयत्ता नववी. ती 'रोजच्या विषयांसाठी प्रगत इंग्रजी' या क्लासला जात होती आणि तीनच महिन्यांत तिच्यात एवढा आत्मविश्वास आला, की घरच्यांची तिला नावाने हाक मारायची हिंमत होईना.

"बाबा, तुझा प्रॉब्लेम काय आहे सांगू?" ती म्हणाली. "तू बोललास की लोकांना लगेच कळतं."

"मग ते वाईट आहे का गं?"

"इंटरव्ह्यूला वाईटच!"

तिच्याकडे पुरावा होता. कोणी अडकलं की बाबा दाराच्या फटीला तोंड लावून म्हणायचे, "काय वहिनी, आतच संसार थाटलात की काय? बसा खाली टेकून. मी आलोय." बस्स. एवढ्यावर सतरा वर्षं निघाली आणि त्यांच्या लिफ्टमध्ये एकही माणूस चक्कर येऊन पडला नाही. कंपनीने याची नोंद कुठेच केली नाही, कारण न पडलेल्या माणसांसाठी रजिस्टरमध्ये रकाना नसतो.

मॅडमने भिंतीवर नियम चिकटवले :

१. हवा, जेवण, तब्येत, भीती या रोजच्या विषयांवर रोजचा शब्द वापरू नये.

२. जो शब्द आईला कळेल तो बाद.

३. 'घाबरू नका' असं कोणालाही म्हणू नये. 'युअर अँग्झायटी इज एंटायरली लेजिटिमेट' म्हणावं.

४. फोन रेकॉर्ड होतो. पलीकडचा काहीही बोलो, आपण मराठीवर यायचं नाही. (हा मुळात कंपनीचाच नियम. मॅडमने फक्त खाली लाल रेघ मारली. दोनदा.)

रोज संध्याकाळी बाबा बोलायचे, आई "नाही बाई कळलं" म्हणायची आणि मॅडम एक गुण द्यायची. पहिल्या आठवड्यात आईला साठ टक्के कळत होतं, चौथ्या आठवड्यात फक्त 'अँड'. एकदा जेवताना मीठ कमी पडलं, तर ते सांगायला बाबांना अकरा मिनिटं लागली आणि तोवर जेवण उरकलं होतं. जेवणाबद्दलच्या तक्रारी अशा प्रकारे शंभर टक्क्यांनी घटल्या.

"पूर्वी निदान भांडायचास तरी," आई म्हणाली. (हे वाक्य मराठीत असल्याने विचारात घेतलं गेलं नाही.)

इंटरव्ह्यू झकास झाला. समोरच्या तिन्ही साहेबांना काहीही कळलं नाही आणि ही गोष्ट तिघांनीही एकमेकांना कळू दिली नाही. बाबांची एकमताने निवड झाली. खुर्ची मिळाली, डोक्यावर पंखा मिळाला, गुडघे चूप बसले. पहिल्या दोन महिन्यांत सेवा इतकी सुधारली की पाच जण लिफ्टमध्ये चक्कर येऊन पडले. पडलेल्यांसाठी मात्र रजिस्टरमध्ये रकाना होता.

मग एका गुरुवारी क्लासला जाताना मॅडम स्वतः आपल्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली. दिवा गेला. तिच्या दप्तरात ६४० प्रगत शब्दांची वही होती, पैकी तेवीस शब्द खास भीतीचे. तिने चाचपडत बटण दाबलं.

"गुड ईव्हनिंग. काइंडली इल्यूसिडेट युअर प्रेडिकामेंट."

उच्चार अगदी निर्दोष होता. तिनेच घोटून घेतला होता.

तेवीसपैकी एकही शब्द हजर झाला नाही. "बाबाऽऽ!" ती किंचाळली.

पलीकडून, "युअर अँग्झायटी इज..."

"बाबा, मी आहे रे! अंधार झालाय! मला बाहेर काढ!"

"...एंटायरली..."

इथे रेकॉर्डिंगमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. त्यानंतर तेरा मिनिटं नुसता पंखा ऐकू येतो.

चौदाव्या मिनिटाला दाराच्या फटीतून कोणीतरी धापा टाकत म्हणालं, "काय मॅडम, आज क्लास आतच भरवलात का? बस खाली टेकून. मी आलोय."

ती बसली. (वापरलेले प्रगत शब्द : शून्य. चक्कर : नाही.)

चौकशी रीतसर झाली. आरोप दोन : खुर्ची सोडणे, आणि ग्राहकाशी ग्राहकाला समजेल असं बोलणे. बाबांनी दोन्ही कबूल केले. ते पुन्हा जिन्यावर आले. आता दर मजल्यावर थांबून ते उगाच भिंतीचा रंग बघत बसतात. सुट्टीच्या दिवशी पान्यांची पिशवी मॅडम उचलते आणि कितवा मजला आला ते विचारत नाही.

बाबांना खुर्ची परत द्या आणि मराठीत बोलू द्या, असा तिने कंपनीला अर्ज केला, साध्या मराठीत. कंपनीने नम्रपणे कळवलं की आम्ही रहिवाशांच्या इच्छेबाहेर नाही, हवं तर फॉर्म पुन्हा फिरवू. मॅडम घरोघर गेली. सगळ्यांनी दार उघडून सांगितलं, "अगं, तुझ्या बाबांचा आवाज आला ना, की अर्धा जीव तिथेच भांड्यात पडतो!" चक्कर आलेल्या पाचांनी तर तिला आत बोलावून पाणी दिलं.

निकाल लागला. मराठी : एक. प्रगत इंग्रजी : ४१२. (खूण करताना शेजारचे बघत होते, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. बंद पेनवाल्यांनी नवीन पेन घेतलं होतं.)

ती एक खूण मॅडमच्या घरची. फॉर्म तुमच्याकडेही आला होता, आणि तुमचं पेन तर पहिल्यापासून चालत होतं.