कोंबड्यांची प्रकृती आणि पुरावा क्रमांक ४७

अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या फेडरल कोर्टातला अंड्यांचा खटला शांततेने मिटला. सात कंपन्यांनी संगनमत करून भाव चढवले, असा आरोप होता. आपण असं काही केलेलंच नाही, असं सातही कंपन्यांनी ठणकावून सांगितलं आणि ते पुन्हा न करण्याचं लेखी वचन दिलं.

व्हर्ना होमक्विस्ट सुनावणीला रोज हजर होती. हमरस्त्यावर तिची न्याहारीची खानावळ. अंडी महागली तेव्हा तिचं ऑम्लेटही महागलं, आणि वीस वर्षांपासूनची गिऱ्हाइकं तिला तोंडावर लुटारू म्हणून निघून गेली. कोर्टात एका कंपनीचं अंतर्गत पत्र, पुरावा क्रमांक ४७, मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा तिला रडू आलं. तो कागद तिला चौकटीत घालून शेगडीच्या वर, सगळ्यांना दिसेल असा लावायचा होता. बाकी काही नको.

कोर्टाच्या नकला देणाऱ्या खिडकी क्रमांक तीनवर कारकून ड्वेन बसला होता, तिचं जुनं गिऱ्हाईक. 'लुटारू' हा शब्द पहिल्यांदा त्यानेच वापरला होता.

"कागद सार्वजनिक आहे, व्हर्नाबाई," तो म्हणाला. "फक्त बघता येत नाही. तडजोडीत सीलबंद झालाय."

"अरे, भर कोर्टात वाचला की! तू तिथेच होतास. जांभया देत होतास!"

"जांभयांची नोंद नाही. अर्ज भरा."

प्रश्न १. कोणता कागद हवा?
— ४७.

प्रश्न २. कशासाठी?
— अब्रूसाठी.

प्रश्न ३. कागदातील मजकूर नेमका लिहा. चूक झाल्यास अर्ज बाद.
— कोंबड्या ठणठणीत आहेत. आजारी आहेत असं सांगा.

ड्वेनने दोनदा वाचलं. "अगदी बरोबर. काना-मात्रेचा फरक नाही." मग त्याने काळा मार्कर उघडला.

— ███████ ██████ ████. █████ ████ ███ ████.

"हे काय रे मेल्या?"

"गोपनीय मजकूर तुम्ही अर्जात उघड केलात. आता अर्जही सीलबंद."

"मग माझ्या अर्जाची तरी प्रत दे!"

"त्यासाठी वेगळा अर्ज. प्रश्न तीन तोच आहे."

पुढच्या मंगळवारी कंपन्यांच्या वकिलांनी हरकत घेतली: या बाईंच्या डोक्यात पुराव्याची विनापरवाना प्रत आहे. न्यायाधीशांनी सुवर्णमध्य काढला. प्रत बाईंनी डोक्यात ठेवावी, तोंडातून काढू नये. मोबदल्यात त्यांना पुराव्याची जनतेसाठीची आवृत्ती मिळेल.

ती मिळाली. पान वरपासून खालपर्यंत काळंकुट्ट. तळाशी एकच शब्द शाबूत होता: 'कळावे.'

व्हर्नाने तेच चौकटीत घातलं.

महिन्याभराने ड्वेन न्याहारीला आला. चौकटीकडे बघून म्हणाला, "झकास दिसतंय. ऑम्लेट मात्र अजून महागच?"

"का ते तुला ठाऊक आहे, ड्वेन."

ड्वेनने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "कोंबड्या आजारी होत्या ना? पण त्या कधीच्या बऱ्या झाल्या, बाई. तुम्हीच लुटताय."

व्हर्नाने तोंड उघडलं. कोर्टाचा हुकूम आठवला. तिने मिठाची बाटली त्याच्यापुढे सरकवली.

वाचकांस सूचना: पुरावा क्रमांक ४७ आपण वर वाचलेला आहे. उद्या बाजारात अंडी घेताना ज्यांना तो आठवणार नाही, त्यांना कोणताही अर्ज भरावा लागणार नाही. तडजोड आपल्याच भरवशावर झालेली आहे.