धसईत सिंफनी, सावधान!

मुरबाड तालुक्यात पाश्चात्त्य संगीतावर व्याख्यान देऊ शकेल असा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे मी! (दुसरा कोणी असल्यास क्षमस्व. मी चौकशी केली नव्हती.)

सत्त्याण्णव सालची गोष्ट. पोस्टातून निवृत्त होऊन मी धसईचं वाचनालय सांभाळत होतो. नियमित वाचक म्हणाल तर मी आणि वाळवी. सरपंच भगीरथदादांना ती खोली रेशनच्या गोदामाला हवी होती. मी फारच गयावया केली तेव्हा म्हणाले, "मास्तर, एक कार्यक्रम करा. मानसं शेवटपरत थांबली तर खोली तुमची. नायतर सोमवारी गव्हाची पोती येतील."

विषय तयार होता. परदेशातल्या थोर संगीतकारांनी खेड्यातली गाणी आणि देशोदेशीची राष्ट्रगीतं आपल्या रचनांत कशी गुंफली! वाचून मीच थक्क झालो होतो. शंभर वादकांचा ताफा बाळगणारा माणूस चाल घेतो कुणाकडून, तर गवत कापणाऱ्या बाईकडून!

खोली भरली आणि मी पाठ केलेलं भाषणच विसरलो. "यात... यात एका देशाचं राष्ट्रगीत आहे," एवढंच पुटपुटून मी कॅसेट लावली.

भगीरथदादा ताडकन उठले. "राष्ट्रगीत! उठा रे सगले! सावधान!"

अख्खी खोली खडी!

"दादा, अहो, ते पुढे आहे," मी कुजबुजलो.

"पुढं म्हंजे कुठं?"

पंचाईत! पुस्तकात ते दिलं नव्हतं. "बहुतेक मध्ये कुठेतरी. मिसळलेलं असतं."

"मंग कदी येल ते सांगता येत नाय ना? कुनी हलू नका!"

सूर चढत गेले. खाचरातल्या भातावरून वारा जावा तशी व्हायोलिनं लवत होती. मुरबाडच्या एसटीची वाट बघणारी मंडळी दारात येऊन खांबासारखी उभी राहिली. एसटी आली. कंडक्टर बोलवायला आला आणि तोही टाचा जुळवून उभा!

मग एक गिरकी घेणारी, उडती चाल आली. मागून थप थप आवाज.

"हौसाआजी! राष्ट्रगीताला नाचतेस काय गो?" दादांनी दरडावलं.

"मी कुठं नाचते रे? मी उभीच हाय! पाय आयकत नाय त्याला मी काय करू?"

कुठल्या देशातली चाल, कुठल्या शेतातली! आणि ती धसईत हौसाआजीच्या टाचेत उतरली होती. माझ्या अंगावर काटा आला.

कॅसेट संपली. मंडळी गुडघे वाकवतात न वाकवतात तोच, खट्ट! उसना आणलेला टेप आपोआप बाजू पालटणारा निघाला. दुसरी बाजू सुरू! मी बंद करायला हात पुढे केला.

"मास्तर!" दादा गरजले. "राष्ट्रगीत मधीच तोडता?"

शेवटी वीज गेली म्हणून सुटका झाली. पण एकही माणूस हलला नव्हता!

"दादा, खोली?" मी चाचरत विचारलं.

दादा पोटऱ्या चोळत होते, पण आवाज भारावलेला. "तुमचीच! असा कार्यक्रम धसईत कदी झाला नाय."

सोमवारी ट्रॅक्टर आला. त्यात पोती नव्हती. दोन गडी उतरले आणि वाचनालयातली बाकडी उचलू लागले.

"अरे, हे काय?"

"दादांनी सांगितलंय, पंचायतीला लागतात. तुमच्याकडं बसतंय कोन?"