पाटकरकाकांच्या घराला कळतं

पाटकरकाकांकडे जायचं असेल, तर आधी खाली पत्रपेट्यांपाशी फोन हातात धरून उभं राहावं लागतं. फोनला त्यांचं वायफाय लागलं की मगच जिना चढायचा. घाईत कोणी तसाच वर गेला, तर काका दारातच अडवतात. "सिग्नल मिळाला का? मग गाडी आत आलीच कशी?"

काकांचा सगळा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेला. निवृत्त होऊन ठाकुर्लीत आमच्या समोरच्या विंगमध्ये राहायला आले, पण सिग्नल काही सुटला नाही. इतर निवृत्त मंडळी सकाळी फिरतात आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. काकांनी घर शहाणं करायला घेतलं. दिवे, पंखे, गीझर, सगळं एका यंत्रणेच्या ताब्यात दिलं. "बटण दाबून दिवा लावणं म्हणजे हमाली रे," हे त्यांचं मत. त्या यंत्रणेशी झटापट करण्यात ते जेवढा वेळ घालवतात, तेवढ्यात अख्ख्या सोसायटीचे दिवे हाताने लावून होतील, हे माझं.

मग त्यांच्या डोक्यात शिरलं, की कोण आलं हे घराला आपसूक कळलं पाहिजे. वायफायचा कारभार बघणारी एक पांढरी पेटी असते, कंट्रोलर. कोणाचा फोन आला, कोणाचा गेला, हे तिला ठाऊक असतं. तिने ती बातमी दिव्यांच्या यंत्रणेला द्यायची, एवढंच. पण दोघांचं सूत जुळेना. काका मला गेटपाशी गाठून लग्नघरातल्यासारख्या खबरा देत. "आज बोलणी फिसकटली." "आज दोघं बोलले, पण पेटी पासवर्डवर अडून बसलीय." एका संध्याकाळी मात्र पेढे घेऊन आले. "जमलं! आता तू खाली आलास की घराला कळतं!" मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण पेढा चांगला होता.

उत्साहाच्या भरात त्यांनी वायफायचा पासवर्ड सगळ्या सोसायटीला वाटला. फुकट म्हटल्यावर आमचे लोक मागे राहतात होय? गणपतीत सगळे त्यांच्या विंगखाली आरतीला जमले आणि घराची समजूत झाली की एवढी माणसं आपल्याकडेच आलीत. दिवे लागले, पंखे फिरले आणि रिकाम्या हॉलमधून काकांच्याच आवाजात "या, बसा, पाणी घ्या" सुरू झालं. आरती संपली तरी पाणी घ्या संपेना. हसून हसून आमचं एक कडवं राहून गेलं. तेव्हापासून काका एकेका फोनची घराशी रीतसर ओळख करून देतात. ओळख नसलेल्याला घर दाद देत नाही.

कोणी कितीही हसलं तरी काका चिडत नसत. चिडले ते एकदाच, माझ्यावर.

मी नवा फोन घेतला होता. खाली थांबलो, वायफाय लागलं, शिस्तीत वर गेलो. एरवी बेलला हात लावायच्या आत पाटकरकाकू दार उघडतात. त्या दिवशी उघडेनात. जाळीच्या दारातून दिसत होत्या, पाठमोऱ्या, मटार सोलत बसलेल्या. मी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. "काकू!" म्हणून मोठ्याने हाक मारली. काकू निवांत मटार सोलत राहिल्या.

तेवढ्यात फोन घरी चार्जिंगला लावून भाजीला गेलेले काका जिना चढून आले. त्यांनी काकूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला दंडाला धरून अर्धा जिना खाली नेलं.

"फोन बदललास आणि मला सांगितलं नाहीस?" आवाज दबका होता, पण चिडलेला. फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. "आणि हा तुझा शहाणा फोन ओळख लपवायला वायफायला खोटं नाव सांगतोय. घर ओळखणार कसं?"

काकू गाणं शिकवायच्या. मागच्या दिवाळीनंतर गुडघे दुखतात म्हणून क्लास बंद केला. गाणं शिकवायला गुडघे कशाला लागतात, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"ऐकू येत नाही तिला," काका म्हणाले. "मला कळू देत नाही. डॉक्टरचं नाव काढलं की अबोला. गाण्याचं माणूस, कसं कबूल करणार? बेलला दिवा जोडला असता तर तो कशासाठी ते तिला लगेच कळलं असतं. म्हणून हे सगळे उपद्व्याप. तिला वाटतं, मला काही माहीत नाही. तसंच वाटू दे."

बोलता बोलता त्यांनी माझ्या फोनचं खोटं नाव बंद केलं, मला परत दाराशी आणलं आणि फोनची घराशी ओळख करून दिली. काकूंसमोरचा दिवा लुकलुकला. काकू उठून दाराशी आल्या. "अरे तू! ये ना. हे पण आले वाटतं."

काका हॉलमध्ये ती वायफायची पांढरी पेटी उघडून बसले. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं, चहाचं आधण ठेवलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या. म्हणजे त्यांच्या मते कुजबुजल्या. खाली वॉचमनलाही ऐकू गेलं असेल.

"ह्यांच्या त्या दिव्यांचा मला काडीचा उपयोग नाही. पण रिटायर झाल्यापासून फार एकटे पडलेत रे. म्हणून दिवा लागला की मी मुद्दाम उठते, दार उघडते. तेवढंच बरं वाटतं त्यांना. तू काही बोलू नकोस हां."

मी हॉलकडे पाहिलं. काका पेटीत डोकं खुपसून खुदूखुदू हसत होते आणि बाहीने डोळे पुसत होते.

"नाही बोलणार," मी म्हणालो, आणि काकूंना नीट दिसेल अशी मान हलवली.