देवी जाईना

आपलं दुखणं गल्लीला कळू द्यायचंच नाही, असं साखराबाईंनी ठरवलं होतं. केजच्या त्या गल्लीत कुणाकडे काय शिजतंय हेसुद्धा लपत नसे, पण बाईंना स्वतःवर लई भरवसा.

बीडच्या डॉक्टरांनी सोरायसिस सांगितला होता. दुसऱ्याला लागत नाही, कायमचा जातही नाही. मलम लावा, कातडी कोरडी पडू देऊ नका, खाजवू नका. कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ ही भर बाईंची स्वतःची. आणलेल्या डहाळ्या त्यांनी दाराला अडकवल्या आणि तिथंच घोटाळा झाला.

शेजारच्या छबुबाई रोजच्यासारख्या चहाला आल्या. त्यांना आधी डहाळ्या दिसल्या, मग पदराखालचे लाल चट्टे. उंबऱ्याबाहेरच त्यांनी हात जोडले आणि मागच्या पावली परत गेल्या.

दुपारपर्यंत दारोदार कडुलिंब लागला. देवी आली की फोडणी द्यायची नाही, हा जुना रिवाज सगळ्या म्हाताऱ्यांना आठवला. गल्लीत कढईचा आवाज नाही, लसणाचा वास नाही; नुसती वाळत्या पानांची खुसफूस. साखराबाईंना लहानपणची अशीच मुकी गल्ली आठवली. तेव्हा खरी देवी आली होती आणि घराघरातलं एकेक पोर कमी होत गेलं होतं.

“छबे, ये की आत. चहा टाकते,” बाईंनी दारातून हाक मारली.

“देवीनं चहा मागितला,” बाहेर कुणीतरी कुजबुजलं.

थोड्या वेळाने उंबऱ्यावर कपबशी दिसली. शेजारी नारळ, हिरव्या बांगड्या. ठेवणारं माणूस नव्हतं.

बाईंनी कोपर खाजवलं की खिडकीबाहेर हात जोडले जात. पौर्णिमा गेली, अमावस्या गेली, देवी जाईना. बिनफोडणीच्या वरणानं गल्ली वाळली.

“घर बांधून राहिली का काय बे?” समोरच्या घरातला राधाकिशन कुणाला तरी म्हणाला.

आपण मेलोय आणि हे सगळे आपल्याला पुजतायत, असं साखराबाईंना वाटू लागलं.

एका संध्याकाळी त्या उठल्या. कढईत तेल, मोहरी, लसूण आणि मूठभर लाल मिरच्या. चर्र आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

छबुबाई ठसकत धावत आल्या. “साखरे, कोप होईल गं! विझव ते.”

“देवी न्हाई, सोरायसिस हाय. दुसऱ्याला लागत न्हाई अन् जात बी न्हाई. मलम लावत राहायचं.” बाईंनी ट्यूब पुढे धरली.

“मग लपवलंस कावून?”

“तू शेजारी बसायचं सोडशील म्हणून.”

छबुबाईंनी ट्यूब घेतली. “पाठीला हात पुरत नसंल तुझा. वळ तिकडं.”

बाहेर एकेक कढई चरचरू लागली. सगळी गल्ली ठसकत होती.

चहा पिऊन निघताना छबुबाईंनी उंबऱ्यावरचा नारळ काखेत मारला.

“माझाच हाय. गुडघ्यासाठी ठेवलता. गुडघा काय दुखायचा थांबला न्हाई, चटणी तरी होईल.”