गेलेल्यांच्या कमलताई

आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं की बाकीचे लोक "मूळ गाव कुठलं?" असं विचारतात. कमलताई बेंद्रे विचारतात, "तुमच्या आजोबांना कुठे दिलं?"

समोरचा गोंधळतो. "आजोबांना? दत्तक?"

"नाही हो. अग्नी."

माणूस चहा तसाच टाकून उठला नाही, तर त्याचं कमलताईंशी जमलं असं समजावं.

कमलताई माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. वय चौऱ्याहत्तर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात भांडार विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर वडिलांच्या मृत्यूची तारीख हवी म्हणून एकदा नदीकाठच्या स्मशानभूमीच्या कार्यालयात गेल्या. "नोंद दहा मिनिटांत सापडली," त्या सांगतात, "आणि मी पाच वाजता उठले. अहो, मागच्या पानावर आमची अख्खी गल्ली होती!"

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस त्या कर्वेनगरच्या थांब्यावरून बस पकडतात. पिशवीत डबा, भिंग आणि दोनशे पानी वही. जुन्या नोंदी मोडी लिपीत, म्हणून साठी उलटल्यावर मोडी शिकल्या. खडकीच्या जुन्या दफनभूमीत जायचं असलं की पिशवीत पाण्याची बाटली आणि मऊ ब्रशही असतो. दगडावरची अक्षरं धुऊन वाचतात. एकदा स्मशानाच्या बाकावर एका गृहस्थांनी हळव्या आवाजात विचारलं, "तुमचं कोण?"

"अजून कोणी नाही," कमलताई म्हणाल्या. "मी वाचायला येते."

त्यांच्या तोंडी कायम एकच प्रश्न असतो. "नोंद आहे का?" आमच्या चेअरमनना तो चांगलाच भोवला. पार्किंगच्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "आमचे पणजोबा सरदार होते. दारात घोडे असायचे." कमलताईंनी नाव-गाव टिपून घेतलं आणि पुढच्या मीटिंगला वही उघडली. "व्यवसाय, घोड्यांना खरारा करणे. घोडे होते, तेवढं खरं आहे."

चेअरमन महिनाभर जिन्यात तोंड फिरवून जात होते. शेवटी कमलताईंनीच त्यांना अडवलं. "अहो, रागावताय काय? तुमचे पणजोबा नसते तर सरदार पायी गेले असते." आता त्या नोंदीची फ्रेम चेअरमनच्या हॉलमध्ये आहे आणि ते पाहुण्यांना स्वतःहून दाखवतात. मला कमलताईंचा पहिल्यांदा अभिमान वाटला तो त्या दिवशी.

सोपानराव आले तेव्हा मी कमलताईंकडेच बसले होते. मांजरी गावचे शेतकरी, ऐंशीच्या घरातले. त्यांची लेक आमच्या शेजारच्या इमारतीत राहते, तिने पाठवलं होतं. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "ताई, नवा बंगला बांधलाय. आईचं नाव द्यायचं हाय. पर मला माज्या आईचं नाव म्हाईत न्हाई."

ते चार वर्षांचे असताना आजारी आईला बैलगाडीतून पुण्याला दवाखान्यात नेलं होतं. वडील एकटेच परत आले. वर्षभरात दुसरी आई आली आणि पहिलीचं नाव घरात कोणी घेतलं नाही. नाव ठाऊक असलेली माणसं एकेक करून गेली. "फोटू बी न्हाई," ते म्हणाले. "बा परत आला तवा माज्या हातात तिळाचा लाडू व्हता, येवढं ध्यानात हाय."

"म्हणजे संक्रांत," कमलताई म्हणाल्या आणि वहीत लिहिलं.

साल नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून पुढचे दोन महिने त्यांनी चार वर्षांच्या पौष-माघातलं पान न् पान वाचलं. भिंगाने डोळे सुजले. मी म्हटलं, "जरा विश्रांती घ्या." त्या म्हणाल्या, "तो माणूस श्रावणात वास्तुशांत करणार आहे. मी विश्रांती घेतली तर दारावर काय लिहील?"

नोंद सापडली. मैनाबाई, वय बावीस, राहणार मांजरी, कारण बाळंतपण. 'बाळंतपण' वाचून कमलताई थांबल्या. त्यांनी दहनाची वही मिटली आणि दफनाची मागवली, कारण तान्ह्या मुलांना पुरतात. दोन दिवसांनंतरची नोंद होती, मुलगी, तीन दिवसांची. दोन्हीकडे खाली सोपानरावांच्या वडिलांचं नाव आणि अंगठा.

सोपानरावांनी झेरॉक्सवरच्या त्या दोन अंगठ्यांवरून बोट फिरवलं. "माजा बा आमच्याशी कधी धड बोलला न्हाई," ते म्हणाले. "मला वाटायचं, त्याला कायबी वाटत न्हाई." मग दुसऱ्या अंगठ्यावर बोट ठेवून, "म्हंजे मला भन व्हती."

वास्तुशांतीला आम्ही दोघी मांजरीला गेलो. दारावर 'मैना' अशी पितळी अक्षरं होती. सोपानरावांनी सगळ्या भावकीसमोर कमलताईंना साडी दिली. "आजपासून म्या तुमचा भाऊ," म्हणाले. अख्खा मांडव कमलताईंकडे बघत होता आणि त्यांच्याबरोबर आलेली म्हणून मीही उगाच ताठ बसले होते. कमलताईंनी मात्र फक्त मान डोलावली.

परतताना आम्ही रिक्षा केली. हडपसरच्या पुढे आल्यावर मांडीवरची साडी नीट करत म्हणाल्या, "माझं एक काम आहे. बरेच दिवस विचारायचं होतं."

"विचारा की."

"माझ्या वेळी स्मशानातला फॉर्म भरायला घरचं असं कोणी नाही. सोपानराव भाऊ म्हणाले, पण ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांच्यावर अवलंबून राहता येत नाही. तुम्ही भराल का? नात्याच्या रकान्यात 'शेजारी' लिहिलेलं चालतं. मी चौकशी करून ठेवलीय."

इतकी वर्षं पुण्यातल्या हजारो माणसांच्या त्या रकान्यावरून या बाईचं बोट फिरलं होतं. दर वेळी तिच्या मनात काय येत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"भरीन," मी म्हटलं. "पण 'शेजारी' लिहिणार नाही."

"मग?"

"धाकटी बहीण."

कमलताईंनी तोंड पलीकडे वळवलं.  मग म्हणाल्या,

"अक्षर तेवढं सुवाच्य काढा."