दोन बोटं सैल

ममता झुलाल कोळी हिला पोहता येते ही बाब जळगाव-धुळे संयुक्त जलक्रीडा उत्तेजन समितीच्या नजरेस आली, तेव्हा समिती स्थापन होऊन बराच काळ लोटला होता. तोवर समितीने जलक्रीडा सप्ताह साजरे केले होते, बोधचिन्ह ठरवले होते, धरणावर जाऊन नारळही फोडला होता. पोहणारे माणूस तेवढे समितीकडे नव्हते, आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नव्हते. पण हिमाचलातल्या एका डोंगरी तळ्यात खुल्या पाण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरणार असल्याचे वरून कळले आणि नाव पाठवणे भाग पडले. नरडाण्याच्या पुढे तापीकाठच्या एका गावात झुलाल कोळ्याची पोर रोज नदी ओलांडून पलीकडे जाते आणि हात न टेकता परत येते, असे तिच्या शाळेने कळवले. विभागीय चाचणीत ती सगळ्यांच्या कितीतरी पुढे निघून गेली. मग समितीचाही नाइलाज झाला.

त्या स्पर्धेत पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलींना तिथल्याच प्रशिक्षण केंद्रात ठेवून घेणार होते. राहणे, शिकणे, पोहणे, सगळे तिथेच. वयाची अट अशी होती की ममताला ही पहिली संधी होती आणि शेवटचीही तीच. तिला ते केंद्र फार हवे होते, इतके की दृष्ट लागेल म्हणून ती घरात त्याचे नावही काढत नसे.

अडचण एकच होती. तळ्याचे पाणी बर्फाचे, म्हणून वेटसूट घातल्याशिवाय कोणाला पाण्यात सोडत नव्हते. हा सूट जाड रबरी कापडाचा असतो आणि सालीसारखा अंगाला बसावा लागतो. तसा बसला तर आत पाण्याचा पातळ थर राहतो, तो अंगाच्या उबेने गरम होतो आणि माणूस गारठत नाही. सैल असला तर थंड पाणी आत शिरते, हिंडते, साचते आणि माणसाला खाली ओढते. एवढे ज्ञान ममताच्या शाळेतल्या मॅडमनी मोबाइलवर मिळवले, टेप घेऊन तिची मानेपासून घोट्यापर्यंत मापे घेतली आणि कागद देऊन तिला धुळ्याला समितीच्या कार्यालयात पाठवले.

समितीचे सदस्य-सचिव रोहिदास बागुल यांनी कागद चष्म्यावरून पाहिला, मग चष्म्यातून पाहिला.

"ही मापं कोणाची?"

"माझी, साहेब."

"आणि मागणी कोणाची?"

"माझीच."

"मग हे कसं चालेल?" बागुल साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "उद्या कोणीही उठेल आणि स्वतःच्या अंगासारखा सूट मागेल. माप समिती ठरवेल. तू फक्त पोहण्याकडे लक्ष दे, बेटा."

माप ठरवण्यासाठी बैठक झाली. अध्यक्ष पंडित आबा हे गेली अनेक वर्षे पाण्याशी संबंधित प्रत्येक समितीवर होते. त्यांना पोहता येत नव्हते, पण पाण्याबद्दल आदर होता. महिला सदस्य म्हणून सरिताताई, लेखा सदस्य म्हणून कौतिक चौधरी, आणि पुरवठादार म्हणून सुरेशचंद शेठ. शेठजींची निवड रीतसर झाली होती. शाळांचे गणवेश आणि पोलीस पाटलांचे रेनकोट पुरवल्याने वस्त्र आणि पाणी या दोन्हींचा अनुभव असलेले ते एकमेव अर्जदार होते. ममताला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवण्यात आले होते. तिच्याबद्दलच बोलायचे असल्याने तिने बोलण्याचे कारण नव्हते.

शेठजींनी सूटचे चित्र टेबलावर ठेवले. आबांनी ते उलटे करून ठेवले.

"एवढं आवळ? मुलीची जात आहे. गावात लोक बघतील ना. दोन बोटं सैल घ्या."

"वाढतं अंग आहे आबा," सरिताताई म्हणाल्या. "मी माझ्या पलकचे सगळे कपडे वाढत्या अंगाचेच घेते. आणखी दोन बोटं धरा."

"पहिल्या धुण्यात आटलं तर?" कौतिक चौधरींना रास्त शंका आली. "आटण्याचीही दोन बोटं पाहिजेत. नंतर माझ्या नावाने बोंब नको."

बागुल साहेबांनी शेवटी मूलभूत मुद्दा मांडला. सूट ही टिकाऊ वस्तू होती. ती पुढची अनेक वर्षे, पुढच्या अनेक जलतरणपटूंना पुरली पाहिजे. एकाच मुलीच्या मापाची वस्तू घेणे म्हणजे व्यक्तिगत लाभ देणे झाले. सबब येणाऱ्या सर्व संभाव्य पोहणाऱ्यांसाठी दोन बोटे, आणि त्यांच्यात एखादा धिप्पाड निघाला तर म्हणून आणखी दोन.

"साहेब, हा माल अंगासरसाच घ्यावा लागतो," शेठजी म्हणाले. "गणवेशाची गोष्ट वेगळी आहे." पण सगळ्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी लगेच हात जोडले. "मला काय, तुम्ही म्हणाल ते माप."

"पण तो सैल असला की पाणी भरतं," कोपऱ्यातून ममता म्हणाली.

आबा मायेने हसले. "पोरी, आम्हीपण लहान होतो." ते खरे होते. त्या खोलीतल्या प्रत्येकाने लहानपणी पायघोळ गणवेश घातला होता, आणि तो अंगाला बसण्याआधीच फाटला होता. तरीही त्यापासून कोणी काही शिकले नव्हते. उलट प्रत्येकाला आता दुसऱ्याला तसाच गणवेश घालण्याचा अधिकार मिळाला होता, आणि सगळे तो मनापासून वापरत होते.

सूट आला. मंगल कार्यालयात हस्तांतरण सोहळा झाला, आबांनी भाषण केले, आणि ममताने पंजाबी ड्रेसवरूनच सूट चढवून फोटो काढून घेतले. वरून चढवूनही आत एक शेजारीण मावली असती. घरी तो दोरीवर टांगला तेव्हा झुलाल त्याच्याभोवती एक फेरी मारून आला.

"हाई काय शे वं? यामा तर तुनी माय बी बसी जाई, आनि जागा उरी."

"बठ्ठा साहेबसले मिळीसन एक पोरनं माप लेता उनं नही?" सगळ्या साहेबांना धारेवर धरत ममताची आई भिकुबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ममता सूट घालून तापीत उतरली. जन्मापासून ओळखीचे पाणी, पण त्या दिवशी तिला ते ओळखता येईना. मानेतून पाणी आत आले, पाठीवरून खाली गेले आणि पायांत साचले. मांड्या घागरीसारख्या फुगल्या. हात उचलावा तर काखेतले कापड आधी उचलले जाई आणि हात मागाहून येई. धारेत पोहोचेपर्यंत ती दमली, आणि नदीत आपण दमू शकतो हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळले. झुलालने नाव घालून तिला ओढून वर घेतले.

"सूट काढ पहिले," तो ओरडला. "जीव ऱ्हाई ते पोहशी."

ममता रडली नाही. तिला संताप आला होता. तिने तक्रार दिली आणि तिच्या अपेक्षेहून लवकर चौकशीही झाली. पाण्यात जाऊन तपासणी करण्याची तरतूद नसल्याने ती कार्यालयाच्या आवारात झाली. ममताला सूट घालून फाटकापासून जिन्यापर्यंत चालायला लावले. ती पडली नाही, सूट उसवला नाही, चेन वरखाली झाली. वस्तू सुस्थितीत असल्याचा निष्कर्ष निघाला.

"शिंप्याकडून आत घेऊ का?" तिने विचारले.

"सरकारी मालाला कात्री?" कौतिक चौधरींनी कानांवर हात ठेवले.

बागुल साहेबांनी मात्र सहानुभूतीने विचार केला. सूट कमी करता येत नव्हता, पण लाभार्थी वाढवता येत होती. त्यांनी तिला दूध, शेंगदाणे आणि केळी भरपूर खाण्याची लेखी शिफारस दिली. रावेरकडच्या एका दात्याने केळीचा घडही पाठवला, त्याच्या फोटोसह. ममताने ती केळी गल्लीत वाटली. एवढे होऊनही ती जायला तयार होती, कारण तळ्यापर्यंत पोहोचलो तर काहीतरी मार्ग निघेल असे तिला वाटत होते. ज्यांचे हात चांगले चालतात त्यांना असले भ्रम होतात.

संघ व्यवस्थापक म्हणून बागुल साहेब सोबत निघाले. जळगावहून गाडी, पुढे बस, पुढे जीप. तळे निळे आणि गप्प होते. काठावर देशभरच्या मुली सूट घालून अंग मोकळे करत होत्या, आणि प्रत्येकीचा सूट तिचा तिचा दिसत होता. पंच बाई एकेकीचा सूट तपासत आल्या. ममताच्या पाठीवर त्यांनी चिमूट घेतली तर मूठभर कापड हातात आले. दंडाला घेतली तर तिथेही आले.

"हा कोणाचा सूट घालून आलीस?"

"जिल्ह्याचा," ममता म्हणाली.

"हा घालून पाण्यात गेलीस तर परत येणार नाहीस. दुसरा असेल तर घाल, नाहीतर तुला सोडता येणार नाही."

आणि खरोखरच मार्ग निघाला. शेजारी उभ्या असलेल्या केरळच्या मुलीने काही न विचारता आपल्या पिशवीतून जुना सूट काढून दिला. ममताने तो राहुटीत जाऊन चढवला. चेन लागताना दम कोंडला आणि मग मोकळा झाला. तिने हात फिरवून पाहिले. मध्ये काही येत नव्हते. तिला एकदम हसू फुटले. आता फक्त व्यवस्थापकाची सही हवी होती, सूट बदलल्याची.

बागुल साहेबांनी पेन काढले, टोपण उघडले आणि परत लावले.

"ममता, तू यात उतरलीस आणि जिंकलीस, तर काय सिद्ध होईल?"

"मी पोहते हे."

"नाही बेटा. समितीचा सूट नसला तरी चालतं, हे सिद्ध होईल. म्हणजे खरेदी अनावश्यक होती. आबा, ताई, कौतिकराव, मी, सगळे अडचणीत येऊ. चार माणसांच्या संसाराचा प्रश्न आहे."

"आणि माझा, साहेब?"

"तुझं वय लहान आहे," साहेब कळवळून म्हणाले. वयाच्या अटीचे ते विसरले होते, किंवा नसतील विसरले. ती हात जोडून उभी राहिली, मग भांडली, मग पंच बाईंकडे धावली. त्या म्हणाल्या, सहीशिवाय मला काही करता येत नाही. भोंगा वाजला. मुली पाण्यात शिरल्या आणि तळ्यावर पांढऱ्या रेघा उमटत दूर गेल्या. ममता त्या रेघा मोजत नव्हती. कोणती कुठे चुकते आहे हे तिला काठावरून दिसत होते, आणि ते दिसणेच तिला सोसवेना.

इकडे साहेबांपुढे वेगळाच पेच होता. सूट वापरला गेल्याचा दाखला जोडल्याशिवाय प्रवासाचे देयक निघणार नव्हते, आणि दाखल्यासाठी सूट पाण्यात असल्याचा फोटो लागत होता. सूट तर कोरडा पडला होता. कर्तव्य म्हणून त्यांनी तो स्वतः चढवला. छातीत बसला, पोटावर बसला, खांद्यांवर तर बेतून शिवल्यासारखा बसला. सगळ्या समितीची सगळी बोटे जागच्या जागी कामाला आली. साहेब गुडघाभर पाण्यात उतरले, गारठ्याने कळवळले आणि दोन बोटे उंचावून विजयाची खूण करत उभे राहिले. जीपच्या ड्रायव्हरने फोटो काढला. चष्मा भिजू नये म्हणून त्यांनी तो ममताच्या हातात दिला होता. कडेला, तोंड फिरवून, चष्मा धरून उभी असलेली ती फोटोत आली.

"हिमशिखरांच्या कुशीत खान्देशचा झेंडा" या मथळ्याखाली तो फोटो त्याच संध्याकाळी चाळीसगावपासून शिरपूरपर्यंत फिरला. तुमच्याही ग्रुपवर आला होता. तुम्ही टाळ्या दिल्या, खाली आपल्या मातीचा अभिमान असे लिहिले आणि पुढे पाठवला. मग स्टेटसला ठेवायला घेतलात, तर साहेब चौकटीत नीट बसेनात. म्हणून कडेची ती मुलगी तुम्ही कापलीत.